पूजेला बसलेला गेम

"उद्या तीन वाजता पिंटूअण्णाला लोळवते. तीन वाजून दहा मिनिटांनी तो आपला शब्द गिळेल आणि साडेतीनला मी घरी येऊन चहा टाकते. तुम्ही दूध तेवढं आणून ठेवा."

रेखानं हे खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. तुकारामनं दूध आणून ठेवलं. रेखा रागात असली की तो सांगितलेलं काम लगेच करायचा, आणि रेखा गेले तेवीस दिवस रागात होती. तेवीस दिवसांत त्या घरात एकदाही दूध संपलं नव्हतं.

आता रागाचं कारण ऐका आणि मग तुम्हीच सांगा, चूक कुणाची. हुबळीच्या दुर्गदबैलात, कापडवाल्यांच्या गल्लीत रेखा ब्लाऊज शिवते. दुपारी जेवण झालं की मशीन थांबतं आणि ती हातातला गेम काढते. गेमचं नाव 'थंडर फाइट', भाग सहावा. तुमच्याआमच्यासाठी तो खेळ असेल. रेखासाठी ती आयुष्यभराची साधना आहे. पहिला भाग तिनं धारवाडला, सुभाष रोडच्या एका व्हिडिओ पार्लरमध्ये खेळला, नववीत असताना, दोन वेण्या आणि शाळेच्या गणवेशात, सगळ्या पोरांना बाजूला सारून. दुसरा आणि तिसरा भावाच्या टीव्हीवर. लग्नानंतर मधले दोन भाग हुकले त्याचं दुःख तिला अजून आहे. सहावा भाग भावानं पुण्याहून पाठवला, हातात मावणाऱ्या यंत्रासकट. त्यातली लिंडा म्हणून एक लाल कपड्यांतली, लांब वेणीची बाई रेखाच्या बोटांवर नाचते. समोरच्याला वेणीत गुंडाळून आपटणं ही लिंडाची खासियत. त्यासाठी सहा बटणं एका विशिष्ट क्रमानं, पापणी लवायच्या आत दाबावी लागतात. रेखाला असे एकेचाळीस डाव पाठ आहेत.

पिंटू म्हणजे समोरचा मोबाइलच्या कव्हरवाला. चाळिशीचा, पोट सुटलेला, तोही हाच गेम खेळणारा. त्याच्याकडचा लढवय्या बोरिस, उघडाबंब राक्षस. रेखानं पिंटूच्या दोन मित्रांना लागोपाठ हरवलं, तेव्हा हा माणूस भर गल्लीत, चहाचा कप हातात धरून म्हणाला, "अक्का, नुसती बटणं चेपत बसलं तर म्हैससुद्धा जिंकंल. त्यात खेळ कुठं आला?"

सगळी गल्ली हसली. रेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथंच राहिली. तिनं त्याच क्षणी अट घातली. खंडेनवमीला सकाळी यंत्रांची पूजा झाली की दुकानं बंद होतात, सगळी मंडळी मोकळी असतात. त्या दिवशी तीन वाजता पिंटूच्या दुकानासमोर लढत. तीनपैकी दोन फेऱ्या. पिंटू हरला तर गल्लीसमोर शब्द मागे घ्यायचा. रेखा हरली, किंवा वेळेवर आली नाही, तर पुन्हा कधी गल्लीत गेम काढायचा नाही.

आता या बाईनं तेवीस दिवस काय केलं असेल, याचा अंदाज करा. वरण उकळताना सराव. गिऱ्हाईक माप द्यायला वळलं की सराव. एका नवरीच्या ब्लाऊजला तीन बाह्या लागल्या, पण सराव चुकला नाही.

नवमीच्या सकाळी दुकानातल्या मशीनला हार घालून रेखा विद्यानगरला घरी आली. दोन घास खायचे, गेम घ्यायचा आणि निघायचं, असा बेत होता. कपाटावर बघितलं तर चार्जरची वायर लोंबत होती आणि गेम नव्हता.

तो देवघरासमोर सापडला.

तिथं सासूबाईंनी, लक्कव्वानं, पाटावर लाल कापड घालून घरातली सगळी हत्यारं मांडली होती. अळणावरजवळच्या गावाहून आणलेला विळा, तुकारामचे ऑटोचे पाने, रेखाची घरची कात्री, किसणी, विळी. आणि मधोमध, झेंडूचा हार घालून, गेम. त्याच्या पडद्यावर कुंकवाचा ठसठशीत टिळा होता. दोन्ही बाजूंना हळदीची पाच-पाच बोटं ओढलेली होती. बटणांवर अक्षता होत्या.

"अत्ती," रेखा म्हणाली. सासूला ती अत्ती म्हणायची, आणि आवाज एवढा हळू लागला की तुकाराम अंगणात उतरला. "हे काय केलंत?"

"पूजा."

"गेमची?"

"रोज हातात धरतीस न्हवं? त्यातनं माणसं मारतीस न्हवं? मग हत्यारच की ते."

"वर्षभर याला अवदसा म्हणता तुम्ही."

"वर्षभर म्हटलं. आज नवमी हाय."

रेखानं हात पुढं केला. लक्कव्वानं तिच्या मनगटावर चापटी मारली, चाळीस वर्षं भांगलण केलेल्या हातानं. "पूजेला बसलेलं हत्यार उद्याच्या आरतीपातूर उचलायचं न्हाई. माझ्या सासऱ्यानं नवमीला कुऱ्हाड उचलली आणि वर्षभर कंबर धरून बसला."

"मला तीन वाजता लढायचंय त्याच्यावर!"

"उद्या लढ."

रेखा वळली आणि सरळ अंगणात गेली. तुकाराम ऑटोच्या आरशाला झेंडू बांधत होता. झेंडू सकाळीच बांधून झाला होता, तो पुन्हा सोडून बांधत होता.

"त्या पूजा मांडत होत्या तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"इथंच की."

"मग थांबवलं का नाही?"

"आईनं विचारलं, हे कसलं यंत्र? मी म्हटलं, लढाईचं." तुकारामनं मान खाली घातली. "खोटं कसं बोलू? पूजेच्या दिवशी?"

रेखाला त्या क्षणी नेमकं कुणाचा गळा धरावा ते कळेना. नवऱ्याचा धरावा तर तो खरं बोलला होता. सासूचा धरावा तर तिनं प्रेमानं केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईनं गेमला मान दिला होता, आणि तो नेमका आज द्यायचा होता! वर्षात तीनशे चौसष्ट दिवस मोकळे पडले होते. रागानं तिचे डोळे भरून आले. ती देवघरासमोर येऊन फतकल मारून बसली आणि सगळं सांगून टाकलं. पिंटू, चहाचा कप, म्हैस, हसलेली गल्ली, अट, सगळं.

लक्कव्वा ऐकत होती. म्हशीशी आल्यावर तिनं हातातली वात खाली ठेवली.

"म्हस म्हनला? माझ्या सुनंला?"

"मला नाही म्हणाला. म्हैससुद्धा जिंकंल म्हणाला."

"तेच ते." लक्कव्वा गुडघ्यावर हात टेकून उठली. "कवा जायचंय?"

रेखाला वाटलं, सुटले. पण लक्कव्वा अशी सुटू देणारी नव्हती. तिच्या दोन अटी होत्या. एक, हत्यार ताटात घालून ती स्वतः नेणार. लढाईपुरतं रेखानं हातात घ्यायचं, लढाई झाली की पुन्हा ताटात. दोन, त्यावरचं हळदकुंकू उद्याच्या आरतीपर्यंत पुसायचं नाही. एक बोटसुद्धा नाही.

"अत्ती, बटणांत कुंकू गेलंय."

"जाऊ दे. देवाचं हाय."

दोन वाजत आले होते. तुकारामच्या ऑटोच्या दोन्ही अंगांना केळीचे खुंट बांधलेले, चाकांखाली लिंबं ठेवलेली. तोही पूजेला बसलेला, म्हणजे उद्यापर्यंत हलणार नाही. रस्त्यावर आल्यावर कळलं की हुबळीतला एकूण एक ऑटो पूजेला बसलाय. स्टँडवर बारा ऑटो हार घालून उभे होते आणि बारा ड्रायव्हर झाडाखाली चिरमुरे खात होते. एकानं ताट बघून लांबूनच हात जोडले.

तेव्हा चालत. पुढं लक्कव्वा, दोन्ही हातांत ताट. मागं रेखा, पाय आपटत. तिच्या मागं तुकाराम, पाण्याची बाटली घेऊन, पुरेसं अंतर राखून.

आणि इथून खरा घात सुरू झाला. खंडेनवमीला भर रस्त्यानं एक म्हातारी हार घातलेलं ताट घेऊन चाललीय म्हटल्यावर लोक काय करणार? लोक पाया पडायला लागले. एका गॅरेजवाल्यानं धावत येऊन ताटात चिमूटभर कुंकू टाकलं. रेखा म्हणाली, "अहो, नको," तर तो म्हणाला, "असू दे अक्का, घरचंच हाय." पिठाच्या गिरणीच्या दारात तानूबाई म्हणून लक्कव्वाच्या ओळखीची बाई उभी होती. तिनं मूठभर हळद घातली. आणि वर विचारलं, "कुठला देव म्हणायचा हा?" लक्कव्वा म्हणाली, "लढाईचा." तानूबाईनं आणखी एक मूठ घातली.

पुढं एका लेथच्या दुकानासमोर मालक नारळ फोडत होता. त्यानं मोठ्या भक्तीनं नारळ फोडला आणि त्यातलं पाणी, अर्धं जमिनीवर आणि अर्धं सरळ ताटात ओतलं.

रेखा तिथं रस्त्यातच उभी राहिली. तिला त्या माणसाला खूप काही म्हणायचं होतं, मराठीत आणि कन्नडात. पण तो डोळे मिटून हात जोडून उभा होता. मिटल्या डोळ्यांच्या माणसाला शिव्या कशा घालायच्या? "चल गं," लक्कव्वा म्हणाली. "उशीर होतोय."

तीनला पाच मिनिटं कमी असताना ते गल्लीत पोचले. पंचवीसएक माणसं जमली होती. पिंटूच्या दुकानासमोर दोन स्टुलं मांडलेली, मध्ये खुर्चीवर बाबाजी, गल्लीतले सगळ्यात जुने कापडवाले. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं म्हणून त्यांनाच पंच केलं होतं. पिंटू रुमालानं हात पुसून तयार बसला होता. ताट बघून तो हसला नाही, उलट जरा सावरून बसला. खेळायला कुणी सासू आणि पूजा घेऊन येईल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

रेखानं गेम हातात घेतला. तो चिकट लागत होता. चालू झाला हेच नशीब. पडद्याच्या मध्यावर टिळा होता, त्यामुळं लिंडाचं तोंड दिसत नव्हतं. आपल्यात किती जीव उरला हे दाखवणारी पट्टी हळदीच्या बोटाखाली गेली होती. रेखानं नकळत पदर पुढं केला.

"पुसू नको," मागून आवाज आला.

दोन्ही यंत्रं जोडली गेली. बाबाजींनी हात वर करून खाली केला. घंटा झाली आणि लिंडानं लाथ मारली.

रेखानं काही दाबलंच नव्हतं. लिंडानं आणखी एक लाथ मारली, मग आणखी एक. बोरिस झेपावत पुढं आला होता, त्याच्या नडगीवर ती बसली. रेखानं खाली बघितलं. लाथेचं बटण आत गेलं होतं, हळद, कुंकू, अक्षता आणि नारळाचं पाणी यांच्या गाऱ्यात रुतून बसलं होतं, आणि वर यायचं नाव घेत नव्हतं.

तिनं नखानं ते उचकटायचा प्रयत्न केला. शेजारची बटणं दाबून बघितली. यंत्र हलवलं, आपटलं, अंगठ्यानं घासलं. मनातल्या मनात तिनं पहिल्यांदा लेथवाल्याला, मग गिरणीला, मग नवऱ्याच्या सत्यवचनाला शिव्या घातल्या. दहाही बोटं त्या यंत्राशी भांडत होती. लिंडा कोपऱ्यात उभी राहून लाथा मारत होती.

पिंटूला मात्र समोरून वेगळंच दिसत होतं. त्याला दिसत होतं, की बाईची दहा बोटं वीज संचारल्यासारखी चाललीत, दातओठ खाल्लेत, आणि लिंडा तीच ती लाथ मारतेय. चाळीस वेळा. कुठलाही शहाणा माणूस कारणाशिवाय एकच लाथ चाळीस वेळा मारत नाही. म्हणजे हा सापळा आहे. आपण जवळ गेलो की वेणी येणार. पिंटू मागं सरला. लांब उभा राहून वाट बघत बसला, आणि वाट बघता बघता वेळ संपली. मार बोरिसला बसला होता. पहिली फेरी रेखाची.

गल्लीत टाळ्या पडल्या. दुसऱ्या फेरीत पिंटूनं ठरवलं की उडी मारून जायचं. उडी मारली, लाथ बसली. मागून जायचं ठरवलं, लिंडा वळली आणि लाथ बसली. शेवटी तो चिडून सरळ अंगावर गेला, आणि बोरिस आडवा झाला.

तीन वाजून सात मिनिटं झाली होती.

"संपलं?" बाबाजींनी विचारलं. कुणीतरी संपलं म्हणून सांगितल्यावर त्यांनी रेखाचा हात वर केला.

पिंटू उठला. त्याच्या कपाळावर घाम होता. माणूस वाईट नव्हता, एवढं म्हणायला पाहिजे. तो सगळ्यांच्या समोर स्वच्छ आवाजात म्हणाला, "मी ते म्हशीचं बोललो होतो, ते चुकलं. शब्द मागं घेतो. असला हात मी अख्ख्या हुबळीत बघितलेला नाही."

तेवीस दिवस रेखाला हेच वाक्य ऐकायचं होतं. तिनं ते कानात साठवायला पाहिजे होतं, मान हलवून घरी जाऊन चहा टाकायला पाहिजे होता. पण तिच्या डोक्यात तिडीक गेली. एकेचाळीस डाव! तेवीस दिवस! करपलेलं वरण, तीन बाह्यांचं ब्लाऊज! त्यातला एकही डाव लागला नव्हता. वेणी एकदासुद्धा सुटली नव्हती. तिचा खेळ कुणी बघितलाच नाही आणि कौतुक एका रुतलेल्या बटणाचं झालं. हरली असती तरी एवढा संताप झाला नसता.

"थांबा अण्णा," ती म्हणाली. "हे बघा. लाथेचं बटण आत बसलंय. मी खेळलेच नाही. हे साफ करते आणि पुन्हा लढू."

"साफ उद्या," लक्कव्वा म्हणाली.

पिंटूनं यंत्र हातात घेतलं. बटण बघितलं, बोटानं चाचपलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. बाई म्हणते ते खरं असेल, तर तो कुणाकडून हरला? रेखाकडून तर नाही. जिच्याकडून हरला तिला हात नव्हते. आणि म्हैससुद्धा जिंकंल असं भर गल्लीत तोच बोलला होता, हेही त्याला आठवलं असणार.

त्यानं यंत्र अलगद ताटात ठेवलं. "बटण चांगलं आहे."

"अहो, आत गेलंय!"

"ती तुमची टेक्निक आहे, अक्का."

"टेक्निक कसली? नारळाचं पाणी आहे ते!"

"नीवं गेद्री," पिंटू हात जोडून म्हणाला. "तुम्हीच जिंकलात. आता विषय नको." आणि त्यानं दुकानाचं शटर उघडून आत जाऊन ते आतून ओढून घेतलं.

"बघा," बाबाजी सगळ्यांना म्हणाले. "जिंकून वर एवढा नम्रपणा. शिका जरा."

रेखाला आजवर कुणी नम्र म्हटलं नव्हतं. तुकारामला ठसका लागला. परत येताना लक्कव्वानं ताट उंच धरलं होतं आणि वाटेत भेटेल त्याला ती लढाईचा निकाल सांगत होती. तो चहा रेखानं कसा टाकला असेल ते विचारू नका. भांडी अजून पोचे पडलेली आहेत.

दसऱ्याच्या संध्याकाळी पिंटू बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन दारात आला. आमच्याकडं त्या दिवशी पान दिलं आणि घेतलं की जुनं भांडण मिटलं, असं असतं. लक्कव्वाच्या हातात पानं ठेवून तो तिच्या पाया पडला. मग रेखाला पान दिलं. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." पान घेऊन सोन्यासारखं राहूया. रेखानं पान घेतलं. त्या पानाला नाही म्हणता येत नाही.

मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "अक्का, रविवारी परत एकदा खेळू? शटर पाडून. कुणी नको. मला काल दुपारपासून जेवण जात नाही."

"का हो?"

"त्या बटणात खरंच काही होतं का, ते कळायला पाहिजे."

रेखाचं तोंड उजळलं. "या. आरती झालीय, आता साफ करते. मग कळेल कोण खेळतं ते."

तिनं खरंच सुई घेतली, कापूस घेतला आणि तासभर बसून एकेक बटण लखलखीत केलं. मग यंत्रातल्या बोरिसशीच एक डाव मांडला. हरली. पुन्हा मांडला, पुन्हा हरली. तिसऱ्यांदा लिंडा वेणी सोडायला गेली आणि स्वतःच पडली. रेखानं अंगठे चोळले. तिला हळूहळू उमगलं की तेवीस दिवस अंगठे चालवत होता तो राग होता, आणि तो आता कुठं सापडत नव्हता. तिनं चहाचा कप आठवला, हसलेली गल्ली आठवली. पण मध्येच जेवण न जाणारा पिंटू डोळ्यांसमोर यायचा आणि तिला त्याची कीव यायची. चौथ्यांदा बोरिसनं तिला उचलून आपटलं.

तिनं गेम बंद केला आणि स्वयंपाकघरात गेली. लक्कव्वा मेथी निवडत बसली होती. रेखा थोडा वेळ डब्यांची झाकणं नीट करत उभी राहिली.

"अत्ती," ती शेवटी म्हणाली, "हत्याराची पूजा नवमीलाच करायची असते, का रविवारी पण चालते?"

लक्कव्वानं वर बघितलंसुद्धा नाही. मेथीची काडी मोडत तिनं विचारलं, "नारळ एक फोडू, का दोन?"